बघू, आधी बाकीच्यांना घेऊ देत

१ मार्च २०२१ ला साठीच्या पुढच्यांसाठी करोनाची लस सुरू झाली, तेव्हा ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं. "बघू, आधी बाकीच्यांना घेऊ देत." आमच्या मजल्यावरचे काका तर त्यात सगळ्यात पुढे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची पस्तीस वर्षं गेली, मायक्रॉनशिवाय बोलत नाहीत. मी म्हटलं, केंद्र रिकामं आहे, दहा मिनिटांत मोकळे व्हाल, चला. ते म्हणाले, "बाई, रिकामं आहे म्हणजेच काहीतरी आहे ना?"

दोन महिने पुरते झाले नव्हते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हेच काका पहाटे साडेपाचला टोकनसाठी रांगेत उभे होते. त्यांच्यापुढे शंभरेक माणसं. साडेनऊला शिपायानं येऊन सांगितलं की आज डोस आलेले नाहीत, आणि सगळे घरी परतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाच.

लस तीच होती, बाटलीवरचं लेबलही तेच आणि काकाही तेच. मग मधल्या आठ आठवड्यांत बदललं काय?

त्या वर्षी मी हा प्रश्न बराच चघळला. मी डॉक्टर नाही. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर टाळेबंदीत सोसायटीतल्या, आजूबाजूच्या चाळींतल्या लोकांची कोविनवर, म्हणजे लसीच्या सरकारी संकेतस्थळावर, नावनोंदणी करून देत बसले. त्यामुळे 'नाही' हा शब्द मी इतक्या तऱ्हांनी ऐकला की तो एकच शब्द आहे यावरचा माझा विश्वास उडाला.

काकांचं उत्तर तसं सरळ आहे. माणूस लसीचा धोका एकटा मोजत नाही, रोगाच्या धोक्याशेजारी ठेवून मोजतो. तराजू म्हणा हवं तर. जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्ण कमी झाले होते, जांभळी नाक्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, लग्नं लागत होती. रोगाचं पारडं हलकं. लसीच्या पारड्यात मात्र ताप, दुखरा दंड आणि 'नवीन आहे, काय होईल कोण जाणे' हे सगळं उद्या सकाळी अकराच्या वेळेसकट ठरलेलं. मग दुसरी लाट आली. रात्रभर रुग्णवाहिकांचे भोंगे, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी येणारे फोन, व्हॉट्सॲपवर रोज एक 'भावपूर्ण श्रद्धांजली'. ६ मे २०२१ ला देशात एका दिवसात ४,१४,१८८ नवे रुग्ण नोंदले गेले. लसीचं पारडं होतं तेवढंच राहिलं, समोरचं जड झालं. काकांना कुणी काही पटवून दिलं नाही. माझ्या तर शब्दाचाही त्यात वाटा नव्हता.

त्या तराजूत आणखी एक खोट असते, ती आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असते. आपण काही केलं आणि त्यातून वाईट झालं, तर त्याची टोचणी फार लागते. काही न करता तेवढंच वाईट झालं, तर 'नशीब' म्हणून सोडून देता येतं. आईला लस द्यायला मुलगा घेऊन गेला आणि तिला ताप चढला, तर तो रात्रभर स्वतःला दोष देतो. लस दिली नाही आणि महिन्याभरानं आईला करोना झाला, तर दोष करोनाचा. गणितात दोन्ही निर्णयच आहेत. पण न करण्याचा निर्णय हा निर्णय वाटतच नाही. लहान मुलांच्या लसीच्या वेळी तर ही खोट दुप्पट होते, कारण दंड आपला नसतो.

कावळा आणि फांदी

तमिळ चित्रपटांतले विनोदी अभिनेते विवेक यांनी १५ एप्रिल २०२१ ला चेन्नईत जाहीरपणे लस घेतली, लोकांनीही घ्यावी म्हणून आवाहन केलं. दुसऱ्या दिवशी हृदयविकाराचा झटका आला आणि १७ तारखेला ते गेले. ही बातमी चेन्नईहून नौपाड्याला यायला एक तासही लागला नसेल. मला त्या दिवशी चार जणांनी नावनोंदणी रद्द करायला सांगितली. पुढे लसीनंतरचे दुष्परिणाम तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीनं तपासून सांगितलं की मृत्यूचा लसीशी संबंध नाही. ते किती जणांपर्यंत पोचलं? माझ्या चौघांपैकी एकाही जणापर्यंत नाही, मीच सांगेपर्यंत.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो. म्हणतो, पण मानत नाही. म्हणून एक हिशेब करून बघू. समजा दहा लाख ज्येष्ठ नागरिक आहेत आणि त्या वयात वर्षाला हजारातले चाळीस जण या ना त्या कारणानं जातात असं हिशेबापुरतं धरलं. म्हणजे वर्षाला चाळीस हजार, दिवसाला साधारण एकशे दहा, आठवड्याला पावणेआठशेच्या आसपास. हे लस नसतानाचं. आता या सगळ्यांना एकाच दिवशी लस म्हणून नुसतं पाणी टोचलं, तरी पुढच्या सात दिवसांत पावणेआठशे घरांत लोक म्हणणार, "सुई घेतली आणि गेले." त्यातलं एकही घर खोटं बोलत नसेल. फांद्या रोज तुटतातच. त्या आठवड्यात प्रत्येक फांदीवर कावळा बसवलेला होता, इतकंच.

पण म्हणून प्रत्येक फांदी आपोआपच तुटते असंही नाही, आणि मला वाटतं समजावणारे नेमके इथे घाई करतात. योगायोग ओळखायची जी रीत आहे, तीच खरा दुष्परिणाम पकडायचीही रीत आहे. लस नसताना एखादी गोष्ट साधारण किती वेळा घडते ते आधी बघायचं, मग लस घेतलेल्यांत किती वेळा घडली ते बघायचं, आणि दोन आकडे शेजारी ठेवायचे. सारखे असतील तर कावळा. दुसरा आकडा फुगलेला असेल तर थांबून बघायचं.

मार्च २०२१ मध्ये युरोपात असंच दिसलं. ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाची लस, म्हणजे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं 'कोविशील्ड' नावानं बनवली तीच, घेतलेल्या काही जणांच्या रक्तात गुठळ्या झाल्या. साध्या गुठळ्या असत्या तर योगायोगात गेल्या असत्या, त्या एरवीही होतात. पण या मेंदूतल्या शिरांमध्ये होत्या आणि त्याच वेळी रक्तातल्या प्लेटलेट कमी झालेल्या होत्या. ही जोडगोळी एरवी फारच क्वचित दिसते. बऱ्याच देशांनी लस थोडे दिवस थांबवली. ७ एप्रिलला युरोपच्या औषध नियामकानं सांगितलं की हा लसीचा अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदवावा. त्याच दिवशी ब्रिटनमध्ये तिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यावी असा सल्ला आला. भारतात मे महिन्यात सरकारी समितीचा आकडा आला: कोविशील्डच्या दहा लाख डोसमागे ०.६१. म्हणजे सोळा-सतरा लाख डोसमागे एक. नंतर जूनमध्ये लसीच्या तीव्र ॲलर्जीमुळे झालेला एक मृत्यूही समितीनं मान्य केला, मार्चमध्ये लस घेतलेल्या ६८ वर्षांच्या गृहस्थांचा. केंद्रावर टोचल्यानंतर अर्धा तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवायचे, ते याच ॲलर्जीसाठी. बहुतेकांना वाटायचं, सर्टिफिकेटची प्रिंट यायला वेळ लागतोय.

"मग हे चाचणीतच का नाही कळलं?" हा काकांचा प्रश्न. वाजवी आहे. कोवॅक्सिनची, म्हणजे तेव्हा आपल्याकडे मिळणाऱ्या दुसऱ्या लसीची, तिसऱ्या टप्प्याची चाचणी २५,८०० स्वयंसेवकांवर झाली. त्यातल्या साधारण निम्म्यांना खरी लस, निम्म्यांना नकली. म्हणजे लस मिळालेले तेरा हजारांच्या आत. एखादा दुष्परिणाम लाखात एकाला होत असेल तर तो तेरा हजारांत दिसायची शक्यताच कमी. आणि तेरा हजारांत तो एकदाही दिसला नाही, तर खात्रीनं एवढंच म्हणता येतं की चार हजारांत एकाहून जास्त वेळा तो होत नसावा. त्याहून दुर्मीळ जे असेल ते लाखो लोकांना दिल्यावरच दिसणार. कुठल्याही औषधाला हे लागू आहे, लसीलाही. "आधी बाकीच्यांना घेऊ देत" म्हणणाऱ्या माणसाला हे आतून माहीत असतं, त्याला फक्त आकडे माहीत नसतात. अडचण एवढीच की सगळेच बाकीच्यांची वाट बघत बसले तर बाकीचे उरतच नाहीत.

दहा वर्षांचं काम दहा महिन्यांत

हा आक्षेप शिकलेल्या घरांत जास्त ऐकला. लस तयार व्हायला दहा-दहा वर्षं लागतात, मग ही वर्षाच्या आत कशी आली? काहीतरी गाळलं असणारच.

नौपाड्यात राहणाऱ्याला हे इमारतीच्या पुनर्विकासावरून पटकन समजतं. आमच्या शेजारची इमारत सात वर्षं 'चालू' होती. त्यातलं खरं बांधकाम किती? दोन-अडीच वर्षं. बाकीचा काळ फाईल टेबलावर, बिल्डरकडे पैसे नाहीत, दोन सभासदांच्या सह्या नाहीत. लसीचंही तसंच असतं. पहिल्या टप्प्याचे पैसे संपले की पुढच्यांसाठी थांबा, स्वयंसेवक मिळेपर्यंत थांबा, आणि चाचणीतल्या पुरेशा लोकांना तो रोग नैसर्गिकरीत्या होईपर्यंत थांबा, नाहीतर लस चालते की नाही कळणार कसं? साथीत हा शेवटचा थांबा संपला, कारण रोग सगळीकडे होता. पैसे सरकारांनी आधीच ओतले. टप्पे एकामागून एक न करता एकमेकांवर चढवून केले. परवानगी येण्याआधीच सीरमनं स्वतःच्या जोखमीवर कोट्यवधी डोस बनवून ठेवले. आणि पायाही जुना होता. चिंपांझींच्या सर्दीच्या विषाणूला वाहन बनवायची पद्धत ऑक्सफर्डनं आधी मर्स या आजारासाठी वापरून बघितली होती. जानेवारी २०२० मध्ये करोनाचा जनुकीय आराखडा जाहीर झाल्यावर त्या वाहनात नवा माल भरायचा होता. कोवॅक्सिन तर त्याहून जुन्या पद्धतीची, अख्खा विषाणू निष्प्रभ करून टोचायचा.

एवढं सांगितलं की लोकांना पटायचं. पण एक गोष्ट माझ्या घशात अडकायची. ३ जानेवारी २०२१ ला दोन्ही लशींना तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, तेव्हा कोवॅक्सिन किती परिणामकारक आहे याचे तिसऱ्या टप्प्याचे आकडे आलेलेच नव्हते. ते मार्चमध्ये आले, ८१ टक्के. पुढे अंतिम आकडा ७७.८ ठरला. आकडे चांगले निघाले. पण जानेवारीत 'आकडे कुठे आहेत?' असं विचारणारा माणूस लसविरोधी नव्हता, तो चौकस होता. त्याला मिळालेलं उत्तर मात्र भारी होतं. देशाच्या औषध महानियंत्रकांनी पत्रकारांसमोर सांगितलं की लशी ११० टक्के सुरक्षित आहेत. नपुंसकत्व येतं वगैरे अफवा त्यांनी ठामपणे फेटाळल्या, ते योग्यच. पण ११० टक्के! शंभराच्या वर टक्के मांडले तर मी पोरांची वही परत करायचे. काका तर टूलरूमचे. म्हणाले, "ड्रॉइंगवर प्लस-मायनस नसलेलं माप बघितलं की मी जॉब हातात घेत नाही." त्याच आठवड्यात दोन लस कंपन्यांचे प्रमुख जाहीरपणे भांडले, एकानं बाकीच्यांच्या लशी पाण्यासारख्या सुरक्षित असल्याचं सुचवलं, दुसरा भडकला, आणि ५ जानेवारीला दोघांनी मिळून समेटाचं निवेदन काढलं. सामान्य माणसानं यातून काय घ्यावं?

जे आधी 'काहीही होणार नाही' असं सांगतात, त्यांच्यामुळे नंतर साधा तापही पुरावा ठरतो. आमच्या भागातल्या आशाताईंची रीत उलट होती. त्या दारात उभ्या राहूनच सांगायच्या, "मला रात्री ताप आला होता, अंग मोडून आलं. पॅरासिटामॉल घेतली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाकऱ्या थापल्या." बस. यामुळे ताप आला तरी लोक म्हणायचे, ताईंनी सांगितलंच होतं. तोच ताप, पण एका घरात तो धोका होतो आणि दुसऱ्या घरात ठरल्याप्रमाणे घडलेली गोष्ट. सरकारी जाहिरातींचा सगळा खर्च एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे ठेवलं, तर मी ताईंच्या बाजूनं उभी राहीन.

दोन डोसमधल्या अंतराचंही तसंच झालं. कोविशील्डसाठी आधी चार ते सहा आठवडे होतं, २२ मार्चला ते आठ आठवड्यांपर्यंत वाढलं, १३ मेला बारा ते सोळा झालं. सरकार म्हणालं, परदेशातल्या अभ्यासात जास्त अंतरानं चांगली प्रतिकारशक्ती दिसते. तसे अभ्यास होते. पण केंद्राबाहेर 'डोस शिल्लक नाहीत'चा फलकही रोज दिसत होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि दोन्ही एकदम सांगितल्या असत्या तर लोकांनी त्या ऐकून घेतल्या असत्या असं माझं मत.

टोचणारा हात

माझी आजी मुरबाडकडची. तिच्या दंडावर रुपयाएवढा व्रण होता, देवीच्या लसीचा. ती सांगायची, देवी काढणारा गावात आला की बायका पोरांना कणगीत लपवायच्या. मी लहानपणी हसायचे. आता तितकं हसू येत नाही. देवी म्हणजे रोग आणि देवी म्हणजे देवताही, त्यामुळे लस घेणं म्हणजे तिचा अपमान असं वाटणारे होतेच. पण आजी आणखी एक सांगायची: "वहीत नाव लिहायचा तो." नाव लिहून घेणारा सरकारी माणूस पुढे कशाला येईल, सारा मागायला की आणखी कशाला, याचा भरवसा नव्हता.

मुंबईत देवीची पहिली लस १४ जून १८०२ ला तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली. तेव्हा बाटली नव्हती. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातला स्राव काढून दुसऱ्याच्या दंडात, त्याच्यातून तिसऱ्याच्या. कुणाच्या दंडातलं कुणाच्या दंडात जातंय हा प्रश्न जातीच्या समाजात किती मोठा असेल ते वेगळं सांगायला नको. तरी शेवटी काम झालं. भारतात १९७५ नंतर देवीचा रुग्ण नाही, आणि १९८० मध्ये जगच देवीमुक्त जाहीर झालं.

प्लेगचा अनुभव याहून कडू. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पण त्याच वर्षी साथरोग कायदा आला, पुण्यात रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत घुसून तपासण्या करू लागले, माणसं उचलून नेऊ लागले. ज्या सरकारचा बूट देवघरात शिरला, त्याच सरकारची सुई लोकांनी निमूट घ्यावी अशी अपेक्षा होती. पाच वर्षांनी पंजाबातल्या मुल्कोवालला एकाच दूषित बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं गेले. हाफकिन निलंबित झाले आणि निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं करोनासाठी जो कायदा लागू केला, तो हाच १८९७ चा.

हे सगळं सांगायचं कारण असं की लोक लस तपासू शकत नाहीत. प्रयोगशाळा माझ्याकडेही नाही. आपण हात तपासतो. टोचणारा कोण, एरवी तो आपल्याशी कसा वागतो, आणि काही बिघडलं तर तो उद्या दिसेल का? २०२१ मध्ये मुंबईत कांदिवलीच्या एका सोसायटीत ३० मेला शिबिर भरलं, सुमारे ३९० रहिवाशांनी पैसे मोजून लस घेतली, आणि नंतर कळलं की शिबिरच बनावट. तिथल्या लोकांनी लसीवर शंका घेतली नव्हती, उलट डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

माझ्या वहीत सगळ्यात जास्त भरलेला 'नाही' मात्र संशयाचा नव्हताच. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी लोकमान्यनगरहून येतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "घ्यायचीय की. पण ताप आला आणि दोन दिवस खाडा झाला तर चार घरं पैसे कापतील. ते कोण देणार?" त्यांच्याकडे साधा फोन, कोविन तेव्हा इंग्रजीत, मराठी पर्याय जूनमध्ये आला. मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीसचे स्लॉट उघडायचे आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपायचे. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट आणि गाडी, ते ठाण्यातून शहापूर-मुरबाडच्या केंद्रांवर जाऊन लस घेऊन आले, आणि तिथले गावकरी दारात उभे राहून बघत राहिले. नंतर त्याच गावांत लसीकरण कमी झालं की आपण म्हणणार, अज्ञान! घोडबंदर रोडच्या टॉवरमधला माणूस नको म्हणाला तर त्याला 'स्वतः अभ्यास करणारा' म्हणतात, हेही मी याच कानांनी ऐकलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी लसीबाबतच्या चलबिचलीची कारणं सांगताना विश्वास आणि गाफीलपणा यांच्या जोडीला सोय हेही कारण धरलंय. मावशींच्या चारही घरांना मी फोन केले. दोघींनी पगारी सुट्टी दिली, तिसरीनं कुरकुरत, चौथीनं नाही. मावशींनी शनिवारी लस घेतली.

अफवांबद्दल थोडक्यात. जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका ज्येष्ठ गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे आणि नाणी चिकटतात असा व्हिडिओ फिरला. एक डोस अर्धा मिलिलिटर असतो, त्यात लोखंड भरलं तरी चमचा धरण्याइतकं चुंबकत्व येणार नाही. घामट, तुकतुकीत त्वचेला हलक्या सपाट वस्तू तशाही चिकटतात. पावडर लावली की गळून पडतात. मी हे गच्चीवर पोरांसमोर करून दाखवलं, लस न घेतलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर. पोरं खूश. ज्या बाईंनी तो व्हिडिओ पाठवला होता त्या मात्र म्हणाल्या, "ते ठीक आहे हो, पण माझी शुगर वाढली तर?" खरा प्रश्न तो होता. चमचा नुसता पुढे केलेला.

सक्तीचं काय? १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांनाच लोकलचा पास मिळू लागला. ठाणेकराला लोकल नाही म्हणजे पाय नाहीत. जे नुसते आळसानं थांबले होते ते पटापट रांगेला लागले, काकांचा मुलगा त्यातलाच. ज्यांच्या मनात सरकारबद्दलच अढी होती, त्यांची अढी घट्ट झाली. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुणालाही लस घ्यायची सक्ती करता येणार नाही, आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवावी असंही सांगितलं. दुसरा भाग बातम्यांत खाली राहिला.

आणि तराजू परत फिरला. २०२२ च्या जुलैत तिसरा डोस पंचाहत्तर दिवस फुकट होता, घराजवळ होता, रांग नव्हती. लोक फिरकलेच नाहीत. ओमायक्रॉन बहुतेकांना सर्दीतापावर सोडून गेला होता. रोगाचं पारडं पुन्हा वर.

मे २०२४ मध्ये काका मोबाईल घेऊन दारात. ॲस्ट्राझेनेकानं ब्रिटनच्या न्यायालयात मान्य केलं होतं की त्यांच्या लसीमुळे अत्यंत क्वचित गुठळ्यांचा तो विकार होऊ शकतो. मागोमाग कंपनीनं व्यापारी कारण देत लस जगभरातून मागे घेतली. "बघा बाई, आत्ता कबूल केलं." मी त्यांना एप्रिल २०२१ ची जुनी बातमी काढून दाखवली, तीच गोष्ट, तीन वर्षं आधीची. आणि हेही सांगितलं की तो धोका मुख्यतः लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला, आता रात्री जागायचं कारण नाही. काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचली. म्हणाले, "हे तेव्हा मोठ्या अक्षरात का नव्हतं?"

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीचा विषय निघाला. अकरा वर्षांची आहे, डॉक्टरांनी गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरची लस सुचवलीय. सुनेचं तेच वाक्य: नवीन आहे, बघू. मी म्हटलं, या प्रकारची लस जगात २००६ पासून आहे, सीरमची स्वतःची २०२३ मध्ये बाजारात आली. आपल्याकडे २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या मुलींना ती देण्याचा प्रकल्प सात मुलींच्या मृत्यूनंतर थांबवला होता, हेही लपवलं नाही. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध सापडला नाही. पण मुलींच्या पालकांची संमती नीट घेतलीच नव्हती, हे मात्र सापडलं.

काका गप्प ऐकत होते. मग उठले आणि विजेच्या बिलाच्या पाठीमागे पेन्सिलनं, त्यांच्या त्या ड्रॉइंगच्या अक्षरात, डॉक्टरांना विचारायचं लिहून काढलं. किती वर्षं वापरात आहे. किती मुलींना दिली. ताप येतो का, आला तर किती दिवस. आणि काही झालंच तर रात्री फोन कुणाला करायचा. शेवटच्या ओळीखाली त्यांनी पट्टी ठेवून रेघ मारली आणि बिल सुनेच्या हातात दिलं.